त्या वाक्याला ‘म्हणून’ जोडू नका

पत्र

माझी मुलगी २७ वर्षांची आहे, एकुलती एक. पाच आठवड्यांनी ती नोकरीसाठी परदेशी चालली आहे. करार तीन वर्षांचा आहे, पण तीन वर्षांनी कितीजण परततात ते मलाही ठाऊक आहे आणि तिलाही. जायचं तिनं ठरवलं, पण हे वेड लावलं मीच. ती सहा वर्षांची असताना भिंतीवर जगाचा नकाशा मी लावला. अर्ज भरताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिच्यासोबत मी बसलो. निवड झाल्याचं कळल्यावर ओळखीच्या सगळ्यांना फोनही मीच केले.

आणि आता मीच घरात भांडतो आहे. परवाचं भांडण बॅगेवरून. विमान कंपनी २३ किलो नेऊ देते. मी हुकाचा वजनकाटा आणलाय आणि रोज रात्री बॅग उचलून वजन करतो. परवा २४ किलो २०० ग्रॅम भरलं. मी म्हणालो, “एवढी पुस्तकं कशाला? तिथं वाचनालयं नाहीत का?” ती म्हणाली, “बाबा, बॅग माझी आहे.” मी काटा आपटला आणि बाहेर निघून गेलो. दोन दिवस अबोला. बायको मात्र मजेत याद्या करते आहे, तिला काहीच कसं वाटत नाही याचाही राग येतो.

खरं सांगायचं तर मला लाज वाटते. मुलगी धडधाकट आहे, आनंदानं चालली आहे आणि मला घरातलं कुणी गेल्यासारखं होतंय. ज्याला सांगावं तो म्हणतो, “नशीबवान आहात!” तिला सांगू का? सांगितलं तर तिचा पाय मागे ओढल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर तिला वाटेल, बापाला काही वाटतच नाही. आणि विमानतळावर जाऊ, की घरूनच निरोप देऊ?

— एक बाप

उत्तर

सुरुवात वजनकाट्यापासूनच करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे.

येत्या पाच आठवड्यांत तुमच्या हातात फार थोडं उरलंय. व्हिसा, करार, तिथलं घर, सगळं तिनं पाहिलं. तुमच्या वाट्याला उरली एक बॅग आणि तिचं वजन. काट्यावरचा आकडा तरी वाचता येतो, कमी-जास्त करता येतो. ती गेल्यावर घर कसं वाटेल, हे मोजायला काटा नाही. म्हणून तुम्ही १ किलो २०० ग्रॅमवरून भांडलात. आणि ती “बॅग माझी आहे” म्हणाली तेव्हा बहुधा तिलाही पुस्तकांचं काही पडलेलं नव्हतं.

निघायच्या आधीच्या दिवसांत अशी भांडणं पुष्कळ घरांत होतात. ती बॅगेवरून होतात, पासवर्डवरून होतात, कपाटातल्या एका कोपऱ्यावरून होतात. कारण उघड आहे. हसत्या-खेळत्या घरातून पाय काढणं फार अवघड, वैतागलेल्या घरातून निघणं त्या मानानं सोपं. तेव्हा दोन्ही बाजू नकळत घर थोडं कडू करून ठेवतात. तुम्ही दोघं एकमेकांपासून तुटत चाललेला नाही आहात. निरोप घ्यायला सुरुवात झाली आहे, एवढंच, आणि ती जरा ओबडधोबड झाली आहे.

आता लाजेबद्दल.

“कुणी गेल्यासारखं होतंय” असं लिहून तुम्ही लगेच स्वतःला झापलंत. झापू नका, तुमचा शब्द बरोबर होता. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन कुटुंब-उपचारतज्ज्ञ आहेत. १९७० च्या दशकात त्यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेलाही म्हणता येत नाही आणि आहेही म्हणता येत नाही, अशा त्या अवस्थेला त्यांनी एक नाव दिलं, त्याला मराठीत ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. पुढे त्यांनी हीच कल्पना दोन्ही बाजूंनी मांडली. कधी माणूस समोर असतो पण मनानं हरवलेला असतो, जसं स्मृतिभ्रंशात होतं. कधी माणूस डोळ्यांसमोर नसतो पण मनात चोवीस तास असतो. देश सोडून दूर गेलेल्यांच्या घरांना त्यांनी या दुसऱ्या गटात धरलं. बेपत्ता सैनिकाचं घर आणि तुमचं घर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. तरी एक दुखरी जागा दोन्हीकडे सारखी आहे. या वियोगाला शेवट नाही, विधी नाही, भेटायला येणारी माणसं नाहीत. उलट लोक अभिनंदन करतात. दुःखावर “नशीबवान आहात” असा शिक्का बसला की माणूस ते दुःख घेऊन स्वच्छतागृहात जातो आणि नळ सोडून रडतो. (तुम्ही हे करता असं मी म्हणत नाही. मी केलंय.)

यावरून एक गंमत आठवली. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधासाठी घडवला. परतणं आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यानं जोडले. घरापासून दूर गेलेली माणसं झुरतात, खंगतात, आणि हा एक आजारच आहे असं त्याचं म्हणणं. म्हणजे जाणाऱ्याच्या दुखण्याला सव्वातीनशे वर्षांपूर्वीच वैद्यकीय नाव मिळालं. मागे राहून दाराकडे डोळे लावणाऱ्यांसाठी प्रबंध लिहायला काही तो बसला नाही. त्याचं स्वतःचं वय विशीच्या आतबाहेरचं होतं, आई-बाप त्याच्या डोक्यात आले नसतील.

आणि ते ‘रिकामं घरटं’ म्हणतात ना, तेही मला कधी पटलं नाही. बहुतेक पक्ष्यांच्या जगात घरटं म्हणजे घर नव्हेच, तो पाळणा असतो. पिल्लं उडाली की आई-बापही ते सोडून जातात. रिकाम्या घरट्यात बसून राहणारा पक्षी मी तरी पाहिलेला नाही. बसून राहतो तो माणूस, रात्री अकरा वाजता, हातात हुकाचा काटा घेऊन.

आता तुमचा खरा प्रश्न. तिला सांगू का?

सांगा. नक्की सांगा. पण त्या वाक्याला ‘म्हणून’ जोडू नका.

“तू नसलीस की मला फार जड जाणार आहे.” इथं पूर्णविराम. “तू नसलीस की मला फार जड जाणार आहे, म्हणून रोज फोन कर,” असं झालं की ते मन मोकळं करणं राहत नाही, वसुली होते. “म्हणून तीन वर्षांनी परत ये.” “म्हणून आईची काळजी कोण घेणार ते बघ.” “म्हणून पुन्हा एकदा विचार कर.” या सगळ्या वाक्यांचा पहिला अर्धा भाग सारखाच आहे आणि खरा आहे. ओझं दुसऱ्या अर्ध्यात आहे. तुम्हाला जी भीती वाटते, तिचा पाय मागे ओढल्याची, ती सगळी त्या एका ‘म्हणून’मध्ये बसलेली आहे. तो काढून टाका, मग उरलेलं वाक्य ती सहज पेलेल. २७ वर्षांची आहे ती.

काहीजण ‘म्हणून’ टाळतात आणि ‘पण’ घालतात. “मला वाईट वाटतंय, पण तू माझ्याकडे बघू नकोस, तू जा.” हे वरवर त्यागाचं वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र त्यात फक्त “माझ्याकडे बघू नकोस” एवढंच ऐकू येतं, आणि मग ती जन्मभर तेच बघत बसते. तेव्हा ‘पण’ही नको. वाईट वाटणं आणि अभिमान वाटणं ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एक दुसऱ्याला खोडत नाही. दोन्ही सांगा, मध्ये जोड न देता.

आणि सांगून झालं की थांबा. ती काय म्हणते ते ऐका. कदाचित ती रडेल. कदाचित “बाबा, मलाही” एवढंच म्हणून फोनमध्ये डोकं घालेल. कदाचित विषय बदलेल. तिनं नेमकं काहीतरी म्हणावं अशी अपेक्षा धरून बसलात तर तुमच्या बोलण्यात पुन्हा न बोललेला ‘म्हणून’ आलाच. हे बोलणं एकदा पुरतं. दर दोन दिवसांनी उगाळलं तर चांगलं वाक्यही तगादा होतं. उरलेल्या दिवसांत मन भरून आलं तर दुसऱ्या कुणाशी बोला. ज्याचं मूल दूर आहे असा एखादा माणूस तुमच्या ओळखीत असणारच, आणि त्यानंही आजवर कुणाला सांगितलेलं नसणार. त्याला ‘तुम्हाला कसं गेलं’ एवढं विचारून बघा.

सांगायला वेळ कोणती? समोरासमोर बसून, घसा खाकरून, “मला तुझ्याशी बोलायचंय” असं करू नका. तिच्या पोटात गोळा येईल. बॅग भरताना सांगा. हात कामात असले की डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती राहत नाही, आणि अवघड गोष्टी अशाच वेळी बाहेर येतात. आधी परवाच्या आपटण्याबद्दल एक वाक्य: “पुस्तकांवरून चिडलो नव्हतो मी.” तिला उरलेलं कळेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात कुठंच नाही, आणि ती नाही म्हणूनच मी तिच्यावर जरा जास्त थांबणार आहे. “मला काही झालं तर ती वेळेवर पोचेल का?” हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत. मूल दूर जातं तेव्हा प्रत्येक आई-बापाच्या मनात हा प्रश्न येतो आणि कुणीही तो तोंडावर आणत नाही. मुलांच्याही मनात तो असतो. अपरात्री फोन वाजला की त्यांच्या काळजात चर्र होतं ते याचमुळे.

माझी मुलगी परदेशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर पाचव्या महिन्यात मी घरातच पाय घसरून पडले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लॅस्टर. तिला कळवायचं नाही असं मी ठरवलं. नवी नोकरी, नवं गाव, उगाच जिवाला घोर कशाला? तीन आठवडे मी फोन डाव्या हातात धरून बोलले, प्लॅस्टरचा हात टेबलाखाली ठेवून. फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. तिनं ओळखलं ते माझ्या मेसेजवरून. मी एरवी लांबलचक लिहिणारी, आणि तीन आठवडे दोन-दोन शब्दांची उत्तरं. एके दिवशी ती म्हणाली, “आई, दुसरा हात दाखव.” मला दाखवावा लागला. ती ओरडली नाही, रडली नाही, नुसती गप्प झाली. त्यानंतर वर्षभर प्रत्येक फोनच्या सुरुवातीला ती म्हणायची, “हात दाखव. दोन्ही.” आम्ही दोघी हसायचो. पण मी ‘सगळं ठीक आहे’ म्हटलेलं तिनं पुन्हा कधी सहज मानलं नाही. मी तिची काळजी वाचवायला गेले आणि तिला कायमची काळजी लावून ठेवली.

तेव्हा ती जायच्या आधी तुम्ही तिघांनी एक करार करा. वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची, आहे तेवढीच सांगायची, दोन्हीकडून. डॉक्टरांनी गोळी बदलली तर तसं सांगायचं. तिथं तिची तब्येत बिघडली किंवा नोकरीत काही बिनसलं, तर तिनंही सांगायचं. असं झालं की ‘काही नाही, सगळं ठीक’ या शब्दांना पुन्हा किंमत येते. त्याच बैठकीत रोखठोक कामं उरकून घ्या. अडीनडीला आधी धावून येईल असा जवळचा माणूस कोण, त्याचा नंबर तिच्याकडे आहे का, तुमची औषधं, विमा, बँकेची कागदपत्रं कुठं असतात. हे अशुभ बोलणं नाही. पाऊण तासाचं काम आहे आणि त्यानंतर तिघांनाही बरी झोप लागते.

फोनचं थोडक्यात. रोज फोन हवाच असा हट्ट धरू नका. आठवड्यातला एक दिवस, एक वेळ ठरवा, आणि मधल्या दिवसांत बारीकसारीक पाठवत राहा. खिडकीवर आलेल्या पक्ष्याचा फोटो, तिच्या शाळेच्या वहीत सापडलेलं एखादं चित्र. त्याला उत्तर आलंच पाहिजे असं नाही. दोन घड्याळं मिळवताना एक लक्षात असू द्या, काही देश वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे करतात. त्या आठवड्यात तुमची ठरलेली वेळ चुकते आणि इकडे विनाकारण ‘विसरली वाटतं’ सुरू होतं. व्हिडिओवर नजर भिडत नाही असं वाटेल. कॅमेरा पडद्याच्या वर असतो आणि आपण बघतो खालच्या चेहऱ्याकडे, म्हणून तसं होतं. तिनं तुमच्याकडे पाहणं टाळलं असं समजू नका. कधी कधी नुसता आवाजाचा फोन बरा. ती तिकडे कपड्यांच्या घड्या घालते आहे, तुम्ही इकडे फिरताय, आणि मध्ये अर्धा-अर्धा मिनिट कुणीच बोलत नाही. घरात असंच तर असायचं.

आणि एक, पहिल्या दोन महिन्यांतला तिचा उत्साह पाहून ‘हिला आपली गरजच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. स्वेर्रे लिसगॉर्ड या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९५५ मध्ये, अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले लोक त्यातल्या त्यात रुळलेले दिसले, मधले मात्र नाराज, एकटे. पुढच्या अभ्यासांत ही रेघ सगळ्यांना लागू पडत नाही असंही दिसलं. काहींना पहिलेच आठवडे सगळ्यात कठीण जातात. तरी एवढं ध्यानात असू द्या की तिच्या पडत्या काळाची तारीख आणि तुमच्या पडत्या काळाची तारीख एक नसेल. तुमचा कदाचित पहिल्या आठवड्यात येईल. तिचा आठव्या महिन्यात, तुम्ही जरा सावरलेले असताना. तेव्हा ती म्हणाली, “बाबा, मला इथं आवडत नाही,” तर “मग ये परत” असं लगेच म्हणू नका, आणि “निभावून ने” असंही नको. “सांग, काय झालं,” एवढं म्हणा आणि ऐका. बहुतेक वेळा तिला निर्णय नको असेल, कान हवा असेल.

तुमच्या स्वतःच्या दिवसांबद्दल मी फार सांगणार नाही. छंद लावून घ्या, प्रवास करा, असले सल्ले तुम्हाला दहाजण देतील. शोकावर काम करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. दुःखातला माणूस झोपाळ्यासारखा असतो. कधी तो गमावलेल्याकडे झुकतो, कधी पुढच्या कामाकडे, आणि हे मागे-पुढे होणंच निरोगी आहे. तेव्हा एखाद्या सकाळी तिची आठवणही आली नाही तर अपराधी वाटून घेऊ नका, आणि चौथ्या महिन्यात अचानक तिच्या खोलीतला दिवा लावून बसलात तर ‘मी अजून यातून बाहेर आलो नाही’ असंही म्हणू नका. खोलीचं म्हणाल तर लगेच आवरू नका आणि संग्रहालयही करू नका. सहा महिन्यांनी तिलाच विचारा, काय ठेवू, काय हलवू.

तुमच्या पत्नीबद्दल एकच. त्या मजेत याद्या करत नाहीत. त्या याद्या करतात. तुमचा काटा, त्यांची यादी. आज रात्री त्यांच्या शेजारी बसून यादी वाचा, ती किती वेळा पुन्हा लिहिलेली आहे ते दिसेल.

विमानतळावर जा. न जाण्यानं वाचतं काही नाही, फक्त नंतर ‘गेलो असतो तर’ उरतं. निरोप मात्र आखूड ठेवा. जे बोलायचं ते घरी बॅग भरताना बोलून झालेलं असेल, त्यामुळे तिथं फारसं काही उरणारही नाही. डोळे भरले तर भरू द्या. ती आत गेली, की काचेला नाक लावून दिसेनाशी होईपर्यंत उभं राहणारे असतात, आणि वळून सरळ गाडीकडे जाणारेही असतात. तुम्ही कोणते ते तिथंच कळेल, आधी ठरवू नका.

आणि पुस्तकं नेऊ द्या. १ किलो २०० ग्रॅम हातातल्या पिशवीत बसतील. तो हुकाचा काटाही तिच्याबरोबर द्या, घरी यायच्या वेळी बॅग भरताना तिला लागेल. फक्त द्यायच्या आधी शेवटचं वजन कराल तेव्हा त्या काट्याचंही वजन धरा.